घोडीच्या चपला

आमच्या घोडीला नाव नाही. घरात घोडी एकच, त्यामुळे नावाची गरज कधी पडली नाही. पांढरी आहे, वयाने आता तरुण राहिलेली नाही, आणि स्वभावाने माझ्यापेक्षा बरी आहे असं बाबांचं मत. वसईच्या पश्चिमेला आमची छोटी वाडी आहे. पुढे केळी, मागे नव्या इमारती, आणि मधल्या जागेत पत्र्याचा तबेला. पूर्वी तिथे टांग्याचे घोडे असायचे. बाबा स्टेशनपासून वसई गावापर्यंत टांगा चालवायचे. रिक्षा आल्या, टांगे गेले, आणि बाबांनी वरातीसाठी घोडी ठेवली. आसपासचे कितीतरी नवरदेव हिच्या पाठीवर बसून मारुतीला गेले आहेत. दारात घोडी असून माझं लग्न राहिलं, यावर गल्लीत पुष्कळ विनोद झाले. ते सगळे मी ऐकलेले आहेत, तेव्हा नवीन कुणी करायला जाऊ नये.

गेल्या वर्षी लग्नसराई संपता संपता नेहमीचा नालबंद आला. त्याने जुनी नाल काढली, खूर मांडीवर घेतला, आणि नवी ठोकायच्या ऐवजी बोटाने कडा दाबून बघत बसला. कडेचा एक तुकडा त्याच्या हातात आला. खारी बिस्किटासारखे पापुद्रे सुटत होते. वर्षानुवर्षं तिथेच खिळे मारून पुढच्या दोन्ही खुरांच्या कडा पार फुटल्या होत्या.

"ह्याला आता खिळा धरणार नाही," तो म्हणाला. "पाय उघडे ठेवा. नवा खूर वरून खाली येईल हळूहळू."

पाय उघडे ठेवा म्हणणं सोपं आहे. आमच्या दारापासून प्रत्येक देवळापर्यंत आणि प्रत्येक हॉलपर्यंत डांबर आहे, नाहीतर सिमेंट, नाहीतर पेव्हर ब्लॉक. नाल काढल्यावर घोडी तबेल्याच्या मातीवर ठीक चालली, पण फाटकाबाहेर पाऊल ठेवताच थांबली. मान खाली घालून तिने रस्ता हुंगला आणि पुढचा पाय उचलूनच धरला. बाबा तिला मागे फिरवून आत घेऊन आले आणि त्या संध्याकाळी जेवले नाहीत.

बाबांचा एक नियम होता. चालणारं जनावर नुसतं बांधून ठेवायचं नाही. बांधून ठेवलेले घोडे कसे खचतात ते त्यांनी टांग्याच्या शेवटच्या दिवसांत डोळ्यांनी पाहिलं होतं. कामणच्या बाजूला त्यांच्या ओळखीच्या एका माणसाकडे मोकळी जमीन होती, मऊ माती, गवत, तळं. घोडी सांभाळायला तो तयार होता. दुसऱ्या दिवशी चहा पिताना बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुळशीचं लग्न झालं की माणसांची लग्नं सुरू होतील. तोपर्यंत चालली तर चालली. नाहीतर कामणला सोडून येऊ."

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की मी कप तसाच खाली ठेवला. कारण घोडी गेली तर काय होणार ते मला स्पष्ट दिसत होतं. आई गेल्यापासून बाबा कुणाशी बोलत नव्हते. माझ्याशी बोलायचे ते असं: जेवलीस? गॅस बंद केलास? कडी लावली? एवढ्यावर आमच्या दोघांचा दिवस निघायचा. घोडीशी मात्र ते बोलायचे. रोज संध्याकाळी तिला फिरवायला न्यायचे तेव्हा तिच्या डाव्या कानाशी तोंड नेऊन अखंड काहीतरी चालू असायचं. मी कामावरून परतताना लांबून त्यांचे ओठ हलताना बघायची. ऐकू काही यायचं नाही. डांबरावर लोखंडाच्या टापा अशा वाजायच्या की त्यात बाबांचा आवाज बुडून जायचा. आणि मी जवळ गेले की ते गप्प. टांग्याच्या जुन्या गोष्टी सांगत असतील, आईबद्दल बोलत असतील, माझ्या कागाळ्या करत असतील, असं मी धरून चालले होते. मला त्या घोडीचा हेवा वाटायचा. चाळिशी उलटलेल्या बाईने घोडीचा हेवा करावा हे बरं दिसत नाही, पण वाटायचा.

तेव्हा घोडी जाऊ द्यायची नाही, हे मी ठरवून टाकलं.

जवळच्या म्हशींच्या तबेल्यात एक तरुण डॉक्टरीण येते. तिला मी वाटेत अडवलं. तिने खूर बघितले आणि मोबाईलवर मला बूट दाखवले. घोड्यांचे बूट असतात हे मला तोवर माहीत नव्हतं. खाली जाड रबरी तळ, वर मागून वळसा घेणारा पट्टा, पट्ट्याला वेल्क्रो. बाहेर पडताना घालायचे, घरी आल्यावर काढायचे, खिळा नको की हातोडा नको. तिच्या माहितीतल्या कुणाकडे पुढच्या पायांचा वापरलेला जोड पडून होता, तो तिने मिळवून दिला. मागचे खूर धड होते, त्यांचं नालेशिवाय भागणार होतं.

"पण सवय हळूहळू लावायची," ती म्हणाली. "घाई केलीत आणि एकदा का ती घाबरली, की पुन्हा पहिल्यापासून."

मी बूट घरी आणले. बाबांनी एक उचलला, उलटा केला, सुलटा केला आणि खाली ठेवला.

"घोडीला चपला," ते म्हणाले. एवढंच. पण माणूस दाढ दुखताना जसं बोलतो तसं.

ही बातमी गल्लीभर व्हायला वेळ लागला नाही. पाचूबंदरहून आमच्याकडे मासे घेऊन येणारी मावशी तर टोपली उतरवून तबेल्यातच आली. तिचा आणि बाबांचा जुना व्यवहार होता. झिजलेली नाल बाबा कधी कुणाला विकत नसत, पण तिला द्यायचे, होडीच्या नाकावर ठोकायला. होडीला दृष्ट लागत नाही म्हणतात. नाल दिली की त्या दिवशी आमच्या ताटातलं पापलेट जरा मोठं असायचं. बूट बघून तिने कमरेवर हात ठेवले.

"घोरीला चपला घालतंस? आन् मंग आमच्या होरीला नाल कंची लावाची?"

बाबांनी आत जाऊन शेवटची काढलेली नाल आणली, फडक्याने पुसली आणि तिच्या हातात दिली. "ही शेवटची. जपून लाव." मावशीने ती कपाळाला लावली आणि टोपलीत बर्फाशेजारी ठेवली. मग त्या दिवशी तिने माझी चेष्टा केली नाही.

पहिल्या दिवशी मी बूट चण्यांच्या घमेल्याशेजारी नुसता ठेवला. घोडीने तो हुंगला, चाटला, आणि नाकाने उलटा पाडला. मग काही दिवस तो तिच्या पायावरून फिरवायचा, वरून खाली, खालून वर, गुळाचा खडा द्यायचा आणि निघून यायचं. मग खूर आत घालून लगेच बाहेर. हे सगळं मी सकाळी कामावर जायच्या आधी गुडघ्यांवर बसून करायची. मी सातिवलीला एका युनिटमध्ये सुपरवायझर आहे. आम्ही रबराचे वॉशर आणि मॅट बनवतो. बूट आत सैल होता, तर मॅटचे उरलेले तुकडे आणून मी आतून थर दिले. रबराशी कसं वागायचं ते मला कळतं, घोडीशी कसं वागायचं ते तितकंसं कळत नव्हतं. एकदा तिने माझी वेणी चावली. मी तिला दोन शब्द सुनावले, तिने माझ्या मानेवर ऊन श्वास सोडला, आणि आमचं मिटलं.

पण पट्टा उघडला आणि सगळं बिघडलं. ह्या घोडीने आयुष्यभर बेंजो ऐकला आहे, कानाशी फटाक्यांची माळ ऐकली आहे, नाचताना तिच्या पायात आलेले मामेभाऊ सहन केले आहेत. ती घाबरली कशाला, तर वेल्क्रोला. पट्टा चर्रकन उघडला की ती अंग झोकून मागे सरायची आणि पत्रा दणाणायचा. साप दिसल्यासारखे डोळे करायची.

तेव्हा मला बाबांचं बीपीचं मशीन आठवलं. त्याच्या पट्ट्यालाही तेच वेल्क्रो आहे. डॉक्टरांनी कितीदा सांगूनही बाबा बीपी मोजू देत नसत. मशीन कपाटावर धूळ खात होतं. मी ते घेऊन तबेल्यात गेले.

"हात पुढे करा," मी म्हटलं. "तुमच्यासाठी नाही. घोडीसाठी."

घोडीसाठी म्हटल्यावर त्यांनी निमूट बाही वर केली. बाबा बादली उलटी टाकून बसायचे, मी पट्टा बांधायची, काढायची, पुन्हा बांधायची, आणि घोडी तिथूनच कान टवकारून ऐकायची. बाबांच्या हातावरून तो आवाज येतोय म्हणजे त्यात वाईट काही नसणार, असं तिने ठरवलं असावं. थोड्याच दिवसांत ती तो आवाज ऐकत गवत खाऊ लागली. आणि बाबांचं बीपी रोज मोजलं जाऊ लागलं, ते वाढलेलंच होतं, आणि गोळ्या सुरू झाल्या. आमच्या घरात माणसावर उपचार करायचा तर घोडीच्या वाटेने जावं लागतं.

दोन्ही बूट घालून ती पहिल्यांदा चालली तो दिवस मला फार आवडतो. गुडघाभर पाण्यातून चालावं तसे पाय वर उचलत, प्रत्येक पाऊल टाकण्याआधी विचार करत, ती तबेल्याबाहेर आली. मध्येच थांबून स्वतःच्या पायांकडे बघायची. बाबा पायरीवर बसले होते. एकदम हसले. मोठ्याने, खांदे हलवत. आई गेल्यानंतर मी ते हसणं ऐकलं नव्हतं. मी घोडीची दोरी धरून उभी राहिले आणि तोंड तिच्या मानेत लपवलं.

मात्र माझ्याबरोबर ती फाटकाबाहेर जाईना. ओढा, चुचकारा, गूळ दाखवा, ती खांबासारखी उभी. बाबा डाव्या कानाशी असल्याशिवाय तिने आजवर रस्ता पाहिलेलाच नव्हता. शेवटी बाबा उठले, "दे इकडे" म्हणाले, आणि दोरी हातात घेतली. ती लगेच निघाली. आम्ही तिला किनाऱ्यावरच्या ओल्या वाळूत फिरवून आणलं. वाळूत काही वाजत नाही, पण लाटा आणि वारा होता, आणि मी बरीच मागे होते. ओठ हलताना दिसले तेवढंच.

आता जमलं असं वाटलं, आणि तिथेच घात झाला. एके दिवशी बूट काढला तर टाचेच्या वर सालटं निघून लाल झालं होतं. बाबांनी ते पाहिलं. तो बूट उचलला आणि भिरकावून दिला. तो केळीच्या पाटात जाऊन पडला.

"तिला छळायचं बंद कर," ते म्हणाले. "उद्या कामणला फोन करतो."

मला राग आला की मी थांबत नाही, हे आमच्या युनिटमध्ये कुणीही सांगेल. "करा," मी म्हटलं. "आणि मग संध्याकाळी बोलणार कुणाशी? माझ्याशी? बघू या, जमतं का तुम्हाला."

शब्द तोंडातून गेले आणि तबेल्यात फक्त माशा उरल्या. बाबा वळून घरात गेले. मी पाटात उतरून बूट शोधला, त्यातल्या गोगलगायी काढल्या, आणि धुताना रडले. घोडी पलीकडून सगळं बघत होती.

सकाळी उठले तर बाबा अंगणात बसले होते. मांडीवर तो बूट, शेजारी त्यांची टांग्याच्या दिवसांतली पेटी उघडलेली. पूर्वी खोगिराखाली जो जाड लोकरी नमदा घालत, त्याचा एक तुकडा त्यांनी कापला होता आणि बुटाच्या मागच्या कडेला दाभणाने शिवत होते. चष्मा नाकावर उतरलेला, दोरा दातात. टाके इतके बारीक की मला माझ्या कारखान्यातल्या कामाची लाज वाटावी. मी चहा ठेवला. ते म्हणाले, "साखर कमी घातलीस का?" मी म्हटलं, "हो, डॉक्टरांनी सांगितलंय." एवढ्यावर भांडण संपलं. कामणला फोन झाला की नाही, ते मी विचारलं नाही.

जखम भरली. नमदा कुठे टोचेना, घासेना. घोडी आधी गल्लीत चालली, मग चर्चपर्यंत, मग बाजारापर्यंत. नालबंद अधूनमधून येऊन कानस मारून जायचा. फुटलेला भाग हळूहळू खाली सरकत होता आणि वरून नवा, गुळगुळीत खूर येत होता. पण बाबांचा काही भरवसा नव्हता. वरातीत पाय टिकले तरच खरं, असं ते म्हणत. कामणचा माणूस अजून थांबलेला होता.

तुळशीचं लग्न झालं आणि पहिलं आवतण आलं, पलीकडच्याच आळीतलं. मी रजा टाकली. घोडीला गोंड्यांची झूल घातली, स्वतः ठेवणीतली साडी नेसले, आणि बऱ्याच वर्षांनी टाचांच्या सँडल घातल्या. दुपारी वरात निघाली. बेंजोच्या गदारोळात घोडी अशी चालली की जणू जन्मतःच तिच्या पायात बूट होते. मी तिच्या पुढच्या पायांवरून नजर काढली नाही. ती कुठे लंगडली नाही.

आमच्याकडे घोडी देवळाच्या आवारात, मारुतीसमोर नेऊन उभी करतात. नवरदेव तिथे उतरतो आणि त्याची बहीण घोडीला भिजवलेली चणाडाळ भरवते. आम्ही फाटकाशी आलो, आणि नवरदेवाच्या आजीने काठी आडवी केली.

"चपला घालून देवाच्या दारात?"

सगळे थांबले. इतकी वर्षं घोडी पायात लोखंड घालून आत जात होती, कुणाला काही वाटलं नव्हतं. पण आजींचं म्हणणं खोडून काढणं अवघड होतं. पायातून काढता येतात त्या चपला, आणि चपला बाहेर. मला वाटलं बाबा आता उखडणार. ते खाली बसले. चर्र करून पट्टा उघडला. आणि घोडीने दुसरा पाय आपण होऊन उचलून त्यांच्यापुढे धरला. आजी म्हणाल्या, "शहाणी आहे." बाबांनी दोन्ही बूट वऱ्हाडाच्या चपलांच्या रांगेत नीट जोडून ठेवले. देवळाची फरशी गार होती, घोडी शांत उभी राहिली.

बाहेर आलो तर रांगेत एकच बूट. नवरदेवाच्या मोजड्याही गायब. नवरदेवाला घ्यायला आलेल्या नवरीकडच्या करवल्यांनी जोडे लपवले होते, आणि पोरींनी घोडीलाही नवरदेवाच्याच बाजूची धरलं होतं. सगळे हसत होते. बाबा हसत नव्हते. पुढे हॉलपर्यंत तापलेलं डांबर होतं. ते एका गाडीच्या आड खिदळणाऱ्या त्या पोरींपुढे जाऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "बायांनो, नवऱ्याच्या खुशाल ठेवा. त्याच्याकडे दुसऱ्या आहेत. हिच्याकडे नाहीत."

एका पोरीने पाठीमागून बूट काढला, स्वतःच्या ओढणीने पुसला, आणि दोन्ही हातांनी त्यांना दिला.

नवरदेव हॉलवर पोचला, आमचं काम झालं. ऊन कलल्यावर आम्ही आतल्या रस्त्याने घराकडे निघालो. बाबा पुढे, घोडीच्या डाव्या कानाशी. मी मागून, झूल खांद्यावर टाकून. वाहनं नव्हती. रबराचं पाऊल डांबरावर पडतं तेव्हा मऊ थाप उठते, त्यापलीकडे काही नाही. आणि त्या शांततेत मला बाबांचा आवाज आला. मी मागे आहे हे ते विसरले असावेत. लोखंडाच्या आवाजामागे बोलायची इतक्या वर्षांची सवय.

पण माझ्या सँडल टकटक वाजत होत्या. मी थांबले, त्या काढल्या, हातात घेतल्या, आणि अनवाणी त्यांच्या मागे चालू लागले.

"...चार दिवस खोकतेय," ते घोडीला सांगत होते. "रबराचा वास जातो छातीत. मी सांगून ऐकणार नाही. डब्यातली भाजी परत आणते, बघतो मी." थोडा वेळ नुसती पावलं. "साडी चांगली दिसतेय तिला. आईची आहे ती. सांगायचं होतं सकाळी, राहिलं. राहतंच माझं." मग आणखी खाली आवाजात, "तुझ्या पायांपुढे रोज गुडघे टेकून बसली पोर, एक शब्द निघाला नाही माझ्या तोंडून. कामणवाल्याला उद्या नाही म्हणून सांगतो. तू आहेस तोवर तुला तरी सांगता येतं सगळं. तूच सांग तिला कधीतरी."

घोडीने एक कान मागे, माझ्याकडे वळवला. रस्ता अजून गरम होता, खडे टोचत होते. मी सँडल पुन्हा घातल्या नाहीत, घर येईपर्यंत.